नरकचतुर्दशीला खांबावर

सदुसष्टाव्या वर्षी नवऱ्याची अर्धी चड्डी घालून स्टीलच्या खांबाला मिठी मारणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात, हे मला कुणी सांगायची गरज नाही. आरशात बघून मी ते सगळं आधीच म्हणून घेतलेलं आहे, आणि लोकांपेक्षा बरं म्हटलेलं आहे.

चड्डीचं आधी सांगून टाकते, म्हणजे त्यात कुणाचा जीव अडकायला नको. खांबाला धरते ती कातडी. कापड घसरतं. सलवार घालून चढायला गेलात तर जितक्या वर जाल तितक्याच खाली याल. म्हणून मांड्या उघड्या लागतात. माझ्या मांड्या बघण्यासारख्या राहिलेल्या नाहीत, त्यामुळे संकोच करायलाही काही कारण उरलेलं नाही. वाटेत वरून गाऊन घालते. तेवढी जालन्याची लाज राखते.

हा क्लास यशश्रीचा. ती आमच्या मागच्या गल्लीतली सून, पुण्याहून लग्न होऊन आलेली. बियाण्यांच्या एका दुकानावरचा हॉल तिने भाड्याने घेतला आणि बाहेर ‘पोल फिटनेस’ अशी पाटी लावली. गावाने दुसऱ्या दिवसापासून त्याला खांबाचा क्लास म्हणायला सुरुवात केली. म्हातारे लोक विचारायचे, मल्लखांब का? ती आधी फरक समजावून सांगायची. मग कंटाळली आणि हो म्हणायला लागली. सळयांच्या कारखान्यांच्या या गावात खांब बनवून मिळणं मुळीच अवघड नव्हतं, खांबावर चढायला बायका मिळणं अवघड होतं. मी नुकती बँकेतून निवृत्त झाले होते आणि घरात बसून दुपारच्या मालिकांना शिव्या देत होते. गेले.

मी मूळची टेंभुर्णीची. लहानपणी शाळेमागच्या चिंचेवर मी जितका वेळ काढला तितका वर्गात काढला नाही. मोठी झाले तसं आईने झाड बंद केलं. पुढे बीएस्सी, मग बँक, मग संसार. सगळी हयात खुर्चीवर गेली. त्यामुळे साठी उलटल्यावर पुन्हा कशावर तरी चढायला मिळतंय म्हटल्यावर मी वयाचा विचार केला नाही. आमच्या यांना, म्हणजे भालचंद्रला, सांगितलं तेव्हा त्याने पेपर खाली केला आणि एवढंच म्हणाला, “पडशील तेव्हा मला बघायला बोलाव.” नवरा चांगला होता.

दोनेक वर्षांत मी वरपर्यंत चढून, मांड्यांत खांब आवळून, दोन्ही हात सोडून बसायला शिकले. यशश्री त्याला काहीतरी इंग्रजी नाव सांगायची. मी त्याला झाडावर बसणं म्हणायची. वर बसलं की हॉलच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरचं वाळवण दिसायचं. एवढंच दिसायचं, पण मला ते पुरायचं.

मग भालचंद्र आजारी पडला आणि क्लास सुटला. तो गेल्यावर क्लासला जायला काहीच अडचण नव्हती, तरी गेले नाही. सोफ्यावर बसले. सोफ्यावर बसणं ही फार सोपी गोष्ट आहे, त्याला शिकवणी लागत नाही. अशी चार वर्षं गेली.

उठवलं ते स्टुलाने. माळ्यावरचा अनारशांचा डबा काढायला स्टुलावर चढले, डबा हातात घेतला, आणि लक्षात आलं की आपल्याला उतरता येत नाही. गुडघा वाकेना आणि धीर होईना. डबा छातीशी धरून, एका हाताने फळी पकडून मी पुतळ्यासारखी उभी राहिले. शेवटी शेजारच्या उषाबाई वाटीभर साखर मागायला आल्या, म्हणून उतरले. त्यांनी आधी मला उतरवलं, मग साखर घेतली, आणि मग पुण्याला माझ्या मुलाला, केदारला, फोन केला. उषाबाईंचं सगळं क्रमवार असतं.

दुसऱ्या आठवड्यात मी क्लासला हजर. पायऱ्या चढताना दम लागला होता, तो दाराबाहेर उभी राहून संपवला आणि मग आत गेले. आत नव्या बायका होत्या. मंठ्याची एक सुरेखा होती, चाळिशीची, दणकट. मी तिला ऐटीत सांगितलं, मी इथली पहिल्या तुकडीतली. ती बिचारी भारावली आणि म्हणाली, मग काकू, दाखवा ना करून. मी खांब धरला. हात म्हणाले चला, आणि बाकीचं शरीर म्हणालं तुम्ही व्हा पुढे, आम्ही बघतो. पाय जमिनीवरून सुटले नाहीत. बोटभरसुद्धा नाही. मी खांब सोडला आणि सुरेखाला सांगितलं की आधी पकड नीट समजून घ्यावी लागते. त्या दिवशी मी बाकीचा वेळ खाली उभी राहून सगळ्यांना सूचना दिल्या.

यशश्रीने मात्र मला गादीवर घेतलं आणि आधी पडायला आणि मग उठायला शिकवलं. कुशीवर वळायचं, एक गुडघा खाली, तळवा टेकवायचा, मग दुसरा पाय. मी म्हटलं, हे काय शिकवतेस, मी खांबासाठी आलेय. ती म्हणाली, “काकू, जिला उठता येतं तिलाच मी वर सोडते.” मला राग आला, पण करत गेले.

महिन्याभरात पाय सुटले. त्याबरोबर मांड्या, पोटऱ्या, दंडाची आतली बाजू सगळी काळीनिळी झाली. खांबाने असे वळ उठतातच. एकदा साडी वर खोचून ओटा धूत होते, तर उषाबाईंनी कुंपणावरून बघितलं.

“वैनी, हे काय करून घेतलं पायाला?”

मी म्हटलं, काही नाही, कुठेतरी आपटले. खरं सांगायला हवं होतं. पण उषाबाईंना ‘मी चड्डी घालून खांबावर चढते’ असं सांगणं आणि गावात दवंडी देणं यात खर्चाचाच काय तो फरक. त्यांनी पुण्याला फोन केला, की वैनी रोज कुठं ना कुठं आपटून राह्यल्या, पण कबूल करत न्हाईत.

केदारचा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं की त्याचं ठरलं आहे. आई, किती वेळा पडलीस, असं त्याने विचारलं. मी म्हटलं एकदाही नाही. ते खरं होतं, आणि तंतोतंत खोट्यासारखं वाटत होतं. दिवाळीला येतो आणि जाताना तुला घेऊनच जातो, असं तो म्हणाला. तुझी खोली रंगवून ठेवली आहे, सुटीला येतात तशी ये म्हणत नाहीये, राहायलाच ये.

मला जायचं नव्हतं. मुलगा चांगला आहे, सून साधना त्याच्याहून चांगली आहे, आणि तरी जायचं नव्हतं. तिथे मी केदारची आई. वेळेवर जेवायला घालतात, लिफ्टमध्ये सांभाळून म्हणतात, आणि मी काही काम हातात घेतलं की दोघं एकदम उठतात. इथे मी भाजीवाल्याशी भांडते, मनात येईल तेव्हा जेवते, दार लावते ते माझं मी. एकदा उचलून नेलं की म्हातारीला कुणी परत आणून सोडत नाही. हे मी माझ्या सासूच्या बाबतीत पाहिलं होतं, आणि तिला नेणारी मीच होते, त्यामुळे मला पक्कं माहीत होतं.

फोनवर सांगून तो मानणार नव्हता. खांबावर चढते म्हटलं असतं तर डोक्यालाही मार लागलाय असं समजून दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आला असता. त्याला दाखवायलाच हवं होतं. सुदैवाने यशश्रीने दिवाळी पहाट ठरवली होती. इतर ठिकाणी गाणी असतात, इथे आम्ही खांबावर. बायका आपापल्या घरच्यांना आणणार होत्या. दिवस निवडला नरकचतुर्दशीचा, कारण त्या दिवशी पहाटे सगळं गाव उठून, नाहून तयारच असतं. इतका सोयीचा दिवस कसा काय सुचला, म्हणून आम्ही यशश्रीचं कौतुक केलं. आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात पुढचं आलं नाही.

तोवर मी वर जाऊन बसायला लागले होते. पूर्वी माकडासारखी चढायचे, आता पोत्यासारखी. पण पोतं वर पोचत होतं.

केदार आणि साधना आले. कार्यक्रमाला जायचंय एवढंच मी त्यांना सांगितलं. पहाटे साधनाने तेल कोमट केलं, पाट मांडला आणि म्हणाली, आई, आधी तुम्ही. आमच्याकडे तीच पद्धत आहे, वयाने मोठं माणूस पहिलं. क्लासच्या दिवशी अंगाला तेल, मलम काही लावायचं नाही, हा यशश्रीचा नियम मला पाठ होता. पण नाही म्हटलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि नरकचतुर्दशीला अभ्यंग नको म्हणणाऱ्या बाईला कोण शहाणी म्हणेल? मी पाटावर बसले. साधनाने पाय बघितले. जिथे जिथे काळंनिळं होतं तिथे जास्त तेल घेऊन हलक्या हाताने चोळत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा तर मला बोलताच येईना. शिवाय बरंही वाटत होतं. उटणं लावलं, साबण लावला, आणि तेल गेलं असं मी धरून चालले. माणूस सोयीचं ते लगेच धरून चालतो.

हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, कंदील लावलेला. मी गाऊन काढला तेव्हा केदारने आधी माझ्याकडे, मग खांबाकडे, मग छताकडे बघितलं. पहिली सुरेखा गेली. तिने खांब धरला, पाय आवळले, आणि ती सावकाश, अगदी सन्मानाने, खाली आली. पुन्हा चढली, पुन्हा आली. दुसरीचं तेच. तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हॉलमध्ये भरून राहिलेला तिळाच्या तेलाचा वास पहिल्यांदा आमच्या नाकात शिरला. पहाटे गावातली यच्चयावत बाई तेलात मुरली होती. यशश्रीलाही तिच्या सासूने सोडलं नव्हतं. ती स्पिरिटची बाटली आणि फडकी घेऊन आमच्या मांड्या पुसत सुटली, आणि समोर बसलेले नवरे कुठे बघावं ते न कळून फराळाच्या डब्यांकडे बघत होते.

ती माझ्या कानात म्हणाली, काकू, आज राहू द्या. मी ऐकलं नाही. मला ऐकणं परवडणारं नव्हतं.

पुसलेल्या पायांनी मी चढले. खरंच चढले. वर पोचले, मांड्या आवळल्या, एक हात सोडला, दुसरा सोडला. समोरच्या गच्चीवर पणत्या दिसल्या. केदारकडे बघून हसावं असं मनात आलं आणि तेवढ्यात घाम फुटला. साधनाने मायेने जिरवलेलं सगळं तेल त्या घामाबरोबर वर आलं. मी खाली आले ती मात्र सुरेखासारखी सन्मानाने नाही. वासरू ओरडतं तसा आवाज काढत सरळ येऊन गादीवर आदळले, आणि कपाळावर टिकली होती ती खांबाला चिकटून राहिली.

केदार खुर्ची पाडून धावला. यशश्री मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, “दादा, थांबा. त्यांना हात देऊ नका.”

मी म्हटलं, “केदार, बस तू. मी उठतेय.”

कुशीवर वळले. गुडघा टेकवला. तळवा टेकवला. फार वेळ लागला. हॉलमध्ये कुणी शंकरपाळं चावत होतं तेही थांबलं. मधे एकदा तर मला वाटलं, आता इथेच राहते आणि पुण्याला खोलीचा रंग कुठला आहे ते विचारून घेते. मग दुसरा पाय आला आणि मी उभी राहिले, कुठे मोडलेली नाही, फक्त बसायची जागा सुन्न.

साधनाला सगळ्यांत आधी उमगलं. “आई, म्हणजे ते डाग...” ती म्हणाली, आणि पुढे, “आणि मी त्याच्यावर तेल चोळलं,” असं म्हणून हसायला लागली ती थांबेना.

केदार हसला नाही. घरी येऊन चिवडा खाताना म्हणाला, “पडलीस ना शेवटी?”

“पडले. तुझ्यादेखत पडले. उचललं कुणी?”

मी पुढे म्हटलं, ज्या दिवशी मला माझं उठता येणार नाही त्या दिवशी मीच तुला फोन करीन, आणि कटकट न करता येईन. तोवर त्या खोलीत तुझं ते सायकलचं यंत्र ठेव. तो बराच वेळ शेंगदाणे बाजूला काढत बसला. मग एक अट घातली. घराची एक किल्ली उषाबाईंकडे राहील. मी एवढ्या उंचावरून पडले तेव्हा जितकं दुखलं नव्हतं तितकं हे ऐकून दुखलं, पण कबूल केलं. दोघं भाऊबीज झाल्यावर माझ्याशिवाय परत गेले.

आता उषाबाई सकाळी किल्लीने दार उघडून घर तपासतात. परवा मी घरात दिसले नाही, तेव्हा त्यांनी पुण्याला फोन लावून वैनी बिलकुल सापडत न्हाईत म्हणून कळवलं. केदार त्यांना म्हणाला म्हणे, ती खांबावर असेल, उतरली की येईल. हे उषाबाईंनी मला तक्रार म्हणून सांगितलं, आणि जाताना हळूच विचारलं, की त्या चड्डीला इलास्टिक असतं का नाडी.