खोटा गुरुवार

हे मी आजवर एकीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिली — माझं सगळं चांगलंच ऐकायची घरच्यांना सवय आहे. आणि मलाही. तुम्हाला मात्र सांगते.

नववीत असताना सावद्याच्या आमच्या शाळेनं आम्हा काही मुलींना धुळ्याजवळच्या एका शिबिराला पाठवलं. मनातले भेद घालवायचं शिबिर. आडनाव सांगायचं नाही, हा तिथला पहिला नियम. मला तो फार आवडला. पाळलाही — तोंडानं. माझी जोडी धुळ्याच्या सुजाताशी लावली. शिबिर घेणाऱ्या ताईंना तिनं ‘जय भीम’ म्हटलं, आणि मला कळायचं ते कळलं. आडनाव कशाला हवं होतं?

तरी आमचं जमलं. ती फार हसवायची.

गुरुवारी संध्याकाळी भरीत-भाकरीचा बेत. जोडीनं करायचं, एका ताटात जेवायचं. कपाशीच्या काड्यांवर वांगी मी भाजली. सोलून, ठेचून, मिरची-लसूण घालून सुजातानं भरीत केलं. घास माझ्यापुढे धरला — आणि मी म्हटलं, “अगं, माझा आज उपवास.”

किती सहज आलं ते. आई असंच करते. कुणाकडचं खायचं नसलं की तिला उपवास असतो. पण आईवर कशाला ढकलू? जीभ माझी होती.

सुजाता उठली, कुठून तरी दोन केळी घेऊन आली. ती मी खाल्ली. शेवटच्या दिवशी ‘एका ताटातला घास’ यावर भाषण कुणी केलं? मीच. टाळ्या पडल्या. सुजाताही वाजवत होती.

आता कॉलेजसाठी आम्ही दोघी जळगावला, मेहरूणमध्ये एका खोलीत राहतो. तिच्या हातचं मी भांडून खाते. फक्त गुरुवारी नाही — ते खोटं टिकवायला उपवास मी चालूच ठेवला होता. “तुना गुरुवार शे ना, बाई?” म्हणत ती डबा एकटीपुरता भरायची.

मागच्या गुरुवारी मी तिच्या डब्यातली भाकरी मोडली आणि सगळं सांगितलं. 

तिनं जेवण थांबवलं नाही. नेहमीची अहिराणी सोडून म्हणाली, “माहीत आहे. त्या दिवशी सकाळी माझ्याच शेजारी बसून पोहे खाल्ले होतेस. म्हणून तर केळी न सोलता दिली.”

‘तसं नव्हतं गं’ — हे अगदी ओठावर आलं होतं. पण म्हटलं नाही.

“सोललेली असती तर खाल्ली नसती,” मी म्हणाले.