चंद्राआडची सहा मिनिटं

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता बाळ होईपर्यंत पलंग सोडायचा नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, अडीच महिने? वेड लागेल मला!" त्या शांतपणे म्हणाल्या, "लागू द्या. पण पलंगावर."

मी पुढे हुज्जत घातली नाही. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात माझं एक बाळ गेलं होतं. हे मला हवं होतं, फार हवं होतं. तासभर पोटात हालचाल जाणवली नाही तरी मी घड्याळ बघायला लागायचे. तमिळ मुलखात, वेलचेरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी डाव्या कुशीवर पडून पंख्याची पाती मोजायला लागले. पाती तीनच होती.

माझा तो अवतार बघून नवऱ्याने एक सीडी आणली. तो श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात होता, आणि कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मित्राने ती त्याला दिली होती. सीडीवर अंतराळयान उडवायचा गेम होता. बंदुका नाहीत, हिरवी माणसं नाहीत. सगळं खरं गणित, खरं गुरुत्वाकर्षण. चुकलात की यान बाराच्या भावात. मला आणखी काय पाहिजे? साताऱ्याच्या वाचनालयातल्या अंतराळप्रवासाच्या एकूण एक पुस्तकांचा मी शाळेत असतानाच फडशा पाडला होता. आठवीत मंगळावर अडकलेल्या एका टोळीची गोष्ट हातात होती म्हणून मी भूगोलाचा पेपर बुडवला आणि वडिलांचा मार खाल्ला. ती टोळी परत आली, माझा पेपर नाही आला.

नवऱ्याने टेबल पलंगाला चिकटवलं, त्यावर तो भलाथोरला मॉनिटर ठेवला, आणि उशांना टेकून मी उडायला लागले. पहिले आठ दिवस नुसती समुद्रात पडत होते. पंधराव्या दिवशी पृथ्वीभोवती नीट फिरायला लागले तेव्हा मी अशी ओरडले की शेजारच्या मामी धावत आल्या.

मग मी ठरवलं, चंद्रावर जायचं, आणि खऱ्या वेळात जायचं. गेममध्ये वेळ पळवायची सोय होती. तीन दिवसांचा प्रवास दहा मिनिटांत उरकता यायचा. पण मी कशाला पळवू? वेळ सोडून माझ्याकडे दुसरं होतंच काय! दुसरा नियम असा की चुकलं तर मागे जाऊन सुधारायचं नाही. खऱ्या अंतराळवीराला कुठे ती मुभा असते? नवरा म्हणाला, "तू म्हणजे ना, आजारपणातसुद्धा हट्टी." मी म्हटलं, "आजारी नाहीये मी. गरोदर आहे."

आता सासूबाईंबद्दल सांगते. त्यांना आम्ही अम्मा म्हणायचो. तंजावरकडच्या मराठी घरातल्या त्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची मराठी पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आपल्याकडून निघालेली आणि तमिळ शेजारात मुरलेली. सुरुवातीला त्या काय म्हणतात हे मला निम्मंच कळायचं आणि माझी सातारी मराठी त्यांना भांडण वाटायची. पण सासू म्हणून त्यांचा काही जाच नव्हता. एवढा एक विषय सोडून.

चंद्राकडे निघण्याआधी मी पृथ्वीभोवती घिरट्या घालत होते. अम्मा ताक घेऊन आल्या. पडद्यावर सूर्य पृथ्वीच्या कडेला टेकला आणि हळूहळू तिच्याआड गेला. अम्मांनी ग्लास ठेवला आणि हातभर मॉनिटर भिंतीकडे फिरवला.

"अहो अम्मा! काय करताय?"

"ग्रहण. पोटुशी बाईनं पाहूं नये."

मी कपाळावर हात मारला. "ग्रहण कसलं? रात्र झाली तिकडे. आणि हे चित्र आहे!"

"सूर्य कशाच्या आड गेला?"

"पृथ्वीच्या."

"एक गोल दुसऱ्या गोलाच्या आड. याला काय म्हणतात? मी पोरींना अस्क शिकवलंय." अस्क म्हणजे सगळं. मग त्यांनी देवघरातून दर्भाची काडी आणली आणि सीपीयूवर ठेवली, ग्रहणात लोणच्याच्या बरणीवर ठेवतात तशी.

दीड तासाला एक ग्रहण! पस्तीस मिनिटं मॉनिटर भिंतीकडे. माझा असा संताप झाला म्हणून सांगू. फळ्यावर ग्रहणाची आकृती काढून शेकडो मुली पास केलेल्या बाई, आणि घरात दर्भ! संध्याकाळी नवऱ्याकडे तक्रार केली तर तो म्हणाला, "लहानपणापासून बघतोय. ग्रहण म्हटलं की अम्मा ऐकत नाहीत. का ते विचारू नकोस, सांगत नाहीत." आणि मोजे काढून आंघोळीला निघून गेला. पुरुषांचं एक बरं असतं.

निदान एकदा चंद्राच्या वाटेला लागल्यावर सूर्य अडवायला मध्ये कोणी नव्हतं. तीन दिवस मजेत गेले. पृथ्वी थाळीएवढी झाली, मग लिंबाएवढी. बाळही खुशीत होतं, दुपारी जेवले की लाथा सुरू. अम्मा येताजाता विचारायच्या, "कोठें पोहोचलीस?" मी अंतर सांगायचे, त्या वेग विचारायच्या आणि मनातल्या मनात भागाकार करून किती तास राहिले ते माझ्याआधी सांगायच्या. एकदाही चुकल्या नाहीत. मला राग धरून ठेवणं अवघड जायला लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कसोटीची वेळ आली. चंद्राच्या मागे गेल्यावर यान उलटं वळवायचं, इंजिन सहा मिनिटं चालवायचं आणि वेग कमी करायचा. तेव्हाच चंद्र यानाला धरून ठेवतो. ते चुकलं की यान सरळ पुढे निघून जाणार आणि तीन दिवसांचं सगळं मुसळ केरात. यान उलटं वळवून मी तयार बसले होते. हिशोबात एकच गोष्ट मी धरली नव्हती. चंद्रामागे सूर्य दिसत नाही.

अंधार झाला. अम्मा दारातच उभ्या होत्या. मॉनिटर फिरला.

"अम्मा, नको! चारच मिनिटं आहेत! पाया पडते तुमच्या!"

त्यांचा चेहरा पडला होता, पण हात मॉनिटरवरून निघेना. मग त्या पलीकडे गेल्या, खुर्ची ओढून बसल्या, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "मी करतें. तूं सांग."

झालं! मी मॉनिटरच्या पाठीकडे बघत उंटावरून शेळ्या हाकायला लागले. "उजवीकडची अधिकची की. आत्ता नाही! घड्याळ काय म्हणतंय? शून्य झालं की दाबा आणि सोडू नका." अम्मांनी चष्मा वर सरकवला. तीन, दोन, एक. स्पीकरमधून इंजिनाची घरघर आली. दर दहा सेकंदांनी त्या वेग वाचून दाखवत होत्या, वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात. पाचव्या मिनिटाला त्यांचं बोट अवघडलं, तर त्यांनी दुसऱ्या हाताने ते दाबून धरलं. "आता सोडा!" मी ओरडले. घरघर थांबली.

"कक्षा काय दिसतेय? बंद झाली का? गोल आहे का?"

अम्मा बराच वेळ वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "बंद आहे. जरा लांबट. पण बंद आहे ग!" आणि चक्क टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दोघी नुसत्या हसत होतो.

हसता हसता मी बोलून गेले, "बघा, तुम्ही एवढं ग्रहण पाहिलंत, काही झालं का?"

त्यांचं हसू थांबलं. कीबोर्ड टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "पाहिलं होतं. एकदा. शाळेच्या गच्चीवर मुलींना घेऊन गेलें, काळी काच धरून दाखवत होतें. सातवा महिना होता. घरचे नको म्हणत होते, मी हसलें. आठ दिवसांनी गेली. मुलगी होती. तुझ्या नवऱ्याच्या आधीची." मग म्हणाल्या, "ग्रहणानं नाही गेली. मला कळत नाही का? पण अजून वाटतं, नसतें गेलें गच्चीवर तर."

मी त्यांचा हात धरला. मला एवढंच कळलं की मी इतके दिवस त्यांच्यावर उगाच रागावले होते. मलाही तर, आदल्या वर्षी जिना चढले नसते तर, असं अजून वाटत होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं.

यान चंद्रापलीकडून बाहेर आलं, पृथ्वीची बारीक कोर दिसली, पुढचा फेरा सुरू झाला. दोन तासांनी सूर्य पुन्हा चंद्राच्या कडेला टेकला. या वेळी मीच हाक मारली, "अम्मा, या. ग्रहण लागतंय, मॉनिटर फिरवा."

त्या आल्या. मॉनिटरला हात लावला, आणि काढला. पलंगावर माझ्या शेजारी बसून त्यांनी तो हात माझ्या पोटावर ठेवला. सूर्य गेला, पडदा काळा झाला, आणि अम्मा बोलायला लागल्या. माझ्याशी नाही, पोटाशी. प्रकाश सरळ रेषेत जातो. मध्ये गोल आला की मागे सावली पडते. दाट सावली ती प्रच्छाया, विरळ ती उपच्छाया. सावलीनं कुणाला काही होत नाही. पूर्ण तास घेतला त्यांनी, उदाहरणांसकट, आणि शेवटी पोटावर हलकं टकटक करून विचारलं, "कळलं का ग?"

आतून सणसणीत लाथ बसली.

अम्मांनी हात उचलला नाही. सूर्य परत वर आला तरी नाही. आमची मुलगी पुढे पूर्ण दिवसांची, ठणठणीत झाली. पण अम्मा तिच्याशी बोलायला लागल्या त्या दुपारपासूनच, आणि पोटावरच्या त्या हाताखाली मला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा निवांत झोप लागली.