दाऊदला सांगितलेला पिक्चर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही म्हणतात! तुम्हाला का सांगतोय? दिवस सुखाचे चाललेत, मुलं मार्गी लागली, संध्याकाळी पडवीत निवांत चहा घेतो. सुखातच असलं काहीतरी वर येतं बहुतेक.

आखातात, जुबैलच्या कॅम्पात आमच्या खोलीत सगळे कोकणातले. मी स्टोअरमध्ये कारकून, म्हणून इंग्रजी समजणारा मी एकटा. शुक्रवारी सुट्टीच्या दुपारी इंग्रजी पिक्चर लावला, की मी टीव्हीला खेटून बसायचो. पात्रं बोलली की कॅसेट थांबवायची, मी मराठीत सांगायचं, मग पुढे. थोडं तिखटमीठ लावायचो. लोक खूश, मी त्याहून खूश.

शेजारची खाट दाऊदची. रत्नागिरीकडचा वेल्डर, सरळ माणूस. आम्ही एका ताटात जेवायचो.

मग कुवेतचं प्रकरण झालं. लढाई होणार हे नक्की दिसायला लागलं तेव्हा कंपनीने विषारी वायूसाठी तोंडावर लावायचे मास्क वाटले आणि सांगितलं, गावी जायचं असेल त्याने शनिवारी नाव द्यावं, कंपनीकडचा पासपोर्ट परत मिळेल. नंतर विमानाचा भरवसा नाही. दाऊदचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्याचा जीव तिकडे ओढत होता. मी मात्र राहायचं ठरवलं होतं — गावी घराचं काम अर्धवट होतं. आणि राहायचं ठरवल्यापासून माझी पाचावर धारण बसली होती. दाऊद गेला तर? शेजारची खाट रिकामी, वरून बॉम्ब, आणि मी एकटा?

त्या शुक्रवारी घोडे-बंदुकांचा एक जुना पिक्चर लागला. आडगावचा एक शेरीफ, म्हणजे तिथला फौजदार. त्याच्या हातून पूर्वी एक निरपराध माणूस मेलेला. तेव्हापासून त्याला झोप नाही. गुंड येणार म्हणून गाव दारं लावून बसलेलं. सोबत एकच मित्र, तबेलेवाला, त्याची बायको आजारी. शेवटाकडे शेरीफ त्याला म्हणतो — तू घरी जा. मला एकट्याला भीती वाटते, म्हणून मी तुला धरून ठेवलं होतं.

मी कॅसेट थांबवली. कानशिलं तापली होती.

"काय बोल्ला रे तो?" दाऊदने विचारलं.

"तो म्हणतो, अशा वेळी दोस्ताला टाकून जाणारा मर्द नव्हे."

कॅसेट पुढे सुरू केली, तर तबेलेवाला घोड्यावर बसून निघाला! आता आली का पंचाईत? मी लगेच सांगितलं, माणसं आणायला चाललाय. माणसं काही आली नाहीत. शेरीफ एकटाच लढला आणि मेला. "गुंडांनी त्याला वाटेत गाठला असेल," दाऊद हळहळला. त्याला त्या तबेलेवाल्याबद्दल शंकासुद्धा आली नाही.

शनिवारी दाऊदने नाव दिलं नाही.

लढाई सुरू झाली, विमानं बंद झाली. भोंगा वाजला की आम्ही मास्क चढवून समोरासमोर बसायचो आणि एकमेकांचं ध्यान बघून हसायचो. खरं सांगू? मला तेव्हा फारशी भीती वाटलीच नाही. मी जेवत होतो, झोपत होतो. मग एका सकाळी ऑफिसात फोन आला — दाऊदचे वडील गेले. शेवटपर्यंत त्याचं नाव घेत होते.

आता आम्ही दोघंही गावी परतलोय, आमची गावं खाडीच्या दोन काठांवर. ताजी मासळी मिळाली की दाऊद माझ्याकडे पाठवतो. नातवंडांना सांगतो, हा काका होता म्हणून मी त्या लढाईत टिकलो. मी हसून मान हलवतो.

खोटं बोललो, ते तुम्हाला आता कळलंच. पण सांगायचं होतं ते हे नव्हे. फोन मीच घेतला होता. दाऊदला सांगायला मी यार्डात चालत गेलो. वाटेत मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते नंतर. फोन ठेवताना मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच — बरं झालं, आता विमानं सुरू झाली तरी हा जायचं नाव काढणार नाही.