बिल्ला नंबर दोनशे चौदा

एनोक थ्रेलफॉल क्रॅगशॉच्या संघाकडून सात मोसम रग्बी खेळला. आठवा त्याने स्वतःच्या तोंडाने घालवला.

१९०२ सालच्या मार्चमधला तो शनिवार. अडीचला थॉर्नलीशी चषकाचा सामना, आणि एनोकचा उजवा गुडघा टरारून सुजलेला. अडीच फूट उंचीच्या थरात गुडघ्यांवर सरपटत सात तास कोळसा फोडला असता, तर तो मैदानात उभाही राहिला नसता. कामावर गेला नसता, तर रग्बीचे सामने चालवणाऱ्या युनियनने उभं राहू दिलं नसतं. खेळाचे पैसे घेणाऱ्याने पोटापाण्याचं काम खरोखर केलंच पाहिजे, असा नियम होता. सामन्याच्या दिवशी पाळी चुकवली, की वर्षभर बंदी.

म्हणून पहाटे त्याचा हजेरीचा पितळी बिल्ला, नंबर दोनशे चौदा, घेऊन मेहुणा सेथ खाणीत उतरला. सेथ कामाला होता ती खाण महिनाभर बंद होती. दिवे वाटण्याच्या खिडकीपाशी अंधार, टोपी डोळ्यांवर ओढलेली. कुणाला संशय आला नाही.

"एकला वर येतो," निघताना सेथ म्हणाला होता. "तू तोवर लोळत पड, राणीसाहेबांसारखा."

संघ कपडे बदलायचा ते कोपऱ्यावरच्या गुत्त्यात. पावणेदोनला सेथने तिथल्या खिडकीवर टकटक करायचं ठरलं होतं. टकटक झाली नाही. एनोकने बुटाची नाडी दोनदा सोडून बांधली. मग मैदानात जावंच लागलं.

वीस मिनिटांनी चेंडू मैदानाभोवतीच्या दोराबाहेर गेला. तो आणायला एनोक गेला, तर समोर खाणीचा मुकादम ओल्डरॉइड, काळ्या तोंडाने धापा टाकत.

"चौथ्या गल्लीत छत बसलंय. सगळे वर आले. एकच बिल्ला कमी. दोनशे चौदा."

"दोनशे चौदा हा काय, चिखलात लोळतोय!" दोराजवळ कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"बिल्ला खिशात घालून घरी आलास ना, गाढवा?" ओल्डरॉइडने घाम पुसला. "फक्त हो म्हण. तुला शोधायला बारा जण तडकलेल्या छताखाली उकरतायत. त्यांना वर बोलावतो."

समितीच्या बाकावर युनियनचा तपासनीस बसला होता, दहा पावलांवर.

"एनोक, चेंडू टाक की!" मागून कप्तान खेकसला.

"खाली सेथ आहे," एनोक म्हणाला.

"काय?" गलक्यात ओल्डरॉइडला ऐकू आलं नाही.

"बिल्ला माझा, माणूस सेथ! मी आज गेलोच नाही! उकरणं थांबवू नका!"

हे बाकापर्यंत ऐकू गेलं. तपासनिसाने वही उघडली. एनोकने चेंडू खाली ठेवला आणि तो लंगडत खाणीकडे पळाला.

सेथ साडेपाचला सापडला. डावं पाऊल चिरडलेलं, पण शुद्धीवर. एनोक अजून संघाच्या जर्सीतच होता. ती कोळशाने काळी झालेली.

"जिंकलो का रे?" सेथने विचारलं.

"माहीत नाही," एनोक म्हणाला आणि त्याच्या पायावरचा पुढचा दगड उचलू लागला.