व्हिडिओत सगळं आहे

विद्यापीठाचे शोधनिबंध कॉम्प्युटरवर कसे शोधायचे, हे पोरांना सांगून सांगून उल्हासनगरच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल कुमुदताई साळवेंचा घसा बसायचा. म्हणून २००९ साली त्यांनी हौसेनं छोटे छोटे व्हिडिओ बनवून इंटरनेटवर टाकले.

एम.फिल.ची पायल आली. “मॅडम, शोधून दाखवता जरा?”

“व्हिडिओत सगळं आहे. बघ की!”

“सायबर कॅफेत तो नुसता गोल गोल फिरतो, मॅडम.”

“कारणं नकोत गं!”

पायल पुन्हा आली नाही. महिन्याभरानं कुमुदताई स्वतःच सायबरमध्ये जाऊन बसल्या. व्हिडिओ खरंच अडकला. तशाच त्या शहरातल्या कॅम्प तीन भागात, पायल काम करायची त्या जीन्सच्या कारखान्यात गेल्या.

“चल, आत्ता दाखवते.”

“प्रबंध द्यायची तारीख गेली, मॅडम,” शिलाई मशीन न थांबवता पायल म्हणाली. “बसा ना, चहा सांगते.”

कुमुदताईंना बसवेना, निघवेनाही.