शेवटच्या तंबूचा नळ

ओमानमध्ये पाइप गोठतात असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आधी मी मस्कतच्या वादी अदाई भागात इमारतींचं प्लंबिंग करायचो. तिथे डिसेंबरातही पंखा लागायचा. मग अर्बाबने, म्हणजे आमच्या ओमानी मालकाने, मला जबल शम्सच्या डोंगरावर, त्याच्या पर्यटकांच्या कॅम्पवर पाठवलं. पहिल्याच सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा! मी कोकणातला माणूस, बोटाने टोचून बघितला.

तिथले पाइप चाचा सांभाळायचे. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, पंचवीस वर्षं ओमानात. त्या हिवाळ्यात त्यांचा सगळा जीव घराकडे लागला होता. त्यांच्या आईला विसरण्याचा आजार झाला होता. बहीण फोनवर सांगायची, "भाई, आताच ये. व्हिडिओत तिला काय कळत नाय, पण समोर आलास तर अजून ओळखेल. पुढच्या महिन्याचं मी सांगू शकत नाय."

अर्बाब वाईट नव्हता. पण थंडी म्हणजे कॅम्पचा सीझन. माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ये अकेला पाइप संभालेगा, तो तुम जाओ."

मग चाचांनी आठवडाभर मला शिकवलं. ऊन कललं की वॉल्व्ह बंद करून, खालची चावी सोडून लाइन रिकामी करायची. उघड्या पाइपांवर फोम, त्यावर गोणपाट. शेवटच्या तंबूची लाइन मात्र खळग्यातून गेलेली, ती काही केल्या रिकामी होत नसे. म्हणून ती चालू ठेवून टोकाचा नळ रात्रभर बारीक वाहू द्यायचा. "वाहतं पाणी गोठत नाय. बाकी काय पण चूक, तो नळ बंद करू नको," हे त्यांनी मला दहा वेळा तरी बजावलं असेल.

मग काम माझ्या एकट्यावर सोपवलं. दोन दिवस मी ऐकलं. तिसऱ्या संध्याकाळी चाचा बॅग भरत होते, दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. मी त्या नळापाशी उभा होतो. पाणी टँकरने, खडीच्या घाटातून वर यायचं, आणि इथे ते मातीत जात होतं. आमच्या वाडीत मे महिन्यात आई दोन कळशांसाठी डोंगर उतरायची. नळ टिपकत राहिला म्हणून मी तिच्या हातचा मार खाल्लेला. मला ते बघवेना. एका रात्रीत काय होतंय, म्हटलं, आणि नळ गच्च आवळला. शहाणा ना मी!

सकाळी त्या नळाला पाणी नव्हतं. ऊन वर आलं, आतला बर्फ सुटला आणि पाइप चार ठिकाणी फाटलेला दिसला. मी वॉल्व्हपर्यंत धावेस्तोवर टाकी तळाला गेली. कॅम्प पाहुण्यांनी भरलेला, तोंड धुवायलाही पाणी नाही.

चाचांची बॅग पिकअपमध्ये चढली होती. ते खाली आले, नळाची मूठ बघितली.

"बंद केलास?"

"हो."

"बरं."

एक शिवी तरी द्यायची होती त्यांनी. अर्बाब आला, फाटके पाइप बघितले आणि माझ्याकडे न बघता चाचांना म्हणाला, "इसको नहीं आता. सर्दी खलास, फिर छुट्टी." चाचांनी बॅग उतरवली, कामाचे कपडे घातले आणि करवत मागितली. दिवसभर आम्ही पाइप जोडले. लाजेने मला मान वर करवत नव्हती.

थंडी सरल्यावर, मार्चमध्ये ते घरी गेले. महिन्याने परत आले. मी दोन दिवस विचारायचं टाळलं. मग आम्ही दोघं पाइपांवरचं गोणपाट उतरवत होतो, तेव्हा विचारलं, "चाचा, आई कशी आहे?"

"बरी हाय. जेवते, अंगणात फिरते." त्यांनी हातातलं गोणपाट नीट घडी करून ठेवलं. "मला पाहुणा समजली. बहिणीला म्हणाली, मस्कतवरून आलाय, चहा ठेव. मग माझा हात धरून म्हणते, माझा मुलगा पण तिथंच असतो. भेटला तर त्याला सांग, आई वाट बघतेय, लवकर ये."

"मग?"

"सांगतो म्हटलं."