चक्की चालू असतानाच ऐकू येणारी अक्का

आधीच सांगते, भूतबाधा, करणी असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या गल्लीत लेकरू रडायचं थांबलं नाही की बायका मीठ-मोहऱ्या घेऊन धावतात. मी म्हणते, अगं आधी त्याचा कान बघ, दुखत असेल. त्यामुळे हे लिहायला बसले याचं माझं मलाच हसू येतंय. इथे लोक पडक्या विहिरी नि पिंपळाच्या गोष्टी लिहितात. माझ्याकडे तसलं काही नाही. माझी गोष्ट भरदुपारची, जळगावातली आहे आणि त्यातली बाई चांगली जिवंत आहे... परवाच भरताची वांगी देऊन गेली.

पिंप्राळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत माझी पिठाची चक्की आहे. पत्र्याचं छत, एक चक्की गव्हाची, एक ज्वारी-बाजरीची. मिस्टर गेले तेव्हा माझी मुलगी मनीषा शाळेत होती. रडत बसायला वेळ नव्हता, चक्की सुरू ठेवली. पट्टा बदलणं, गुळगुळीत झालेल्या दगडांना छिन्नीने टाकी लावणं, सगळं शिकले. कान झाकायचे असतात हे मात्र कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. फार तर कापसाचा बोळा घालायची. त्याने काही होत नाही, उगाच मनाचं समाधान.

आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या. मग फोनची रिंग. मग माणसं. माणसं जातात ती एकदम जात नाहीत. बहिऱ्याशी लोक दोनदा बोलतात, तिसऱ्यांदा हात हलवतात — जाऊ द्या काकू, काही नाही. म्हणजे काहीतरी असतं, पण आपल्यासाठी नसतं. पुढे पुढे गल्लीतल्या बायका डबा ठेवून बोटानेच सांगायच्या, गहू की बाजरी, बारीक की जाड. हळदीकुंकवाला बोलावायच्या, मी गेले की माझ्याकडे बघून हसायच्या आणि आपापसात बोलायच्या. मी पण हसायची. कशाला हसतोय हे माहीत नसताना हसणं फार थकवतं हो. मग मी जायचंच सोडलं.

आता अक्का. गेल्या उन्हाळ्यात त्या पहिल्यांदा आल्या. दुपारची वेळ, दोन्ही चक्क्या चालू. मी दाराकडे पाठ करून वरून धान्य ओतत होते. तेवढ्यात कानाशी आवाज आला,

"बारीक नको दयजो वं माय. कयनानी भाकर जाडीच बरी लागस."

मी मागे न बघता म्हटलं, "जाडंच काढते, काळजी नको." आणि माझा हात तिथेच थांबला. चक्की चालू असताना चांगल्या कानाच्या माणसालाही शेजारच्याचं बोलणं कळत नाही. मला तर बंद असतानाही कळत नव्हतं. वळून पाहिलं. गोणीवर एक म्हातारी बसलेली, पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला, ज्वारी-उडदाच्या कळण्याचा डबा पायाशी. ओठ हलत होते आणि मला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. किती दिवसांनी ते माहीत नाही, पण मी कुणाचं तरी बोलणं 'काय?' न विचारता ऐकलं.

मग त्या रोज दुपारी यायला लागल्या. मुलगा-सून कामावर, घरी करमत नाही म्हणायच्या. माहेर धुळ्याच्या पलीकडचं, म्हणून बोलणं सगळं अहिराणी. माझं माहेर पाचोऱ्याचं, मला ती बोली कळते. शेतातल्या गोष्टी, सासूच्या गोष्टी, लहानपणी गेलेल्या द्वारका नावाच्या बहिणीच्या गोष्टी. मी काम करता करता ऐकायची, बऱ्याचदा पाठ करूनच. मोटर बंद केली की त्या गप्प. हातानेच 'येते' म्हणायच्या. मला त्यात काही वाटलं नाही, माझ्याशी सगळेच हातांनी बोलतात.

खरं सांगू? दळण संपलं तरी मी चक्की चालू ठेवायची. रिकामी चक्की फिरवू नये, दगडावर दगड घासून खराब होतो, हे गल्लीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. तरी मी फिरवायची. इतकं माझ्याशी कुणीच बोलत नव्हतं.

दिवाळीत मनीषा धुळ्याहून आली. तिच्या पोराला नुकतं बोलायला यायला लागलेलं. तो माझ्या मांडीवर बसून मला आज्जी म्हणत होता... बराच वेळ म्हणत होता म्हणे, आणि मी टीव्हीकडे बघत होते. मनीषाने त्याला माझ्या मांडीवरून उचललं आणि आत जाऊन रडली. दुसऱ्याच दिवशी मला कान तपासणाऱ्या मॅडमकडे नेलं.

एका बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी बराच वेळ बटण हातात धरून नुसती बसले होते. बाहेर आल्यावर मॅडमनी आलेख दाखवून सावकाश समजावलं. कानाच्या आतल्या बारीक पेशी आवाजाने मेल्या आहेत, त्या परत येत नाहीत. जे उरलंय त्यावर कानाचं मशीन चालेल. पण चक्कीत कान पूर्ण झाकणारे मफ घालायचेच, नाहीतर उरलेलंही जाईल आणि मग मशीनचाही उपयोग नाही.

मी त्यांना अक्कांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, काही लोकांना गोंगाटात उलट चांगलं ऐकू येतं, पण तो कानाचा आजार वेगळा, तुमचा तो नाही. "तुम्ही ओठ वाचत असाल, काकू." मी म्हटलं, पाठीने? त्या हसल्या. मशीन मी लावायला लागले. मफ घरी आणून कपाटात टाकले. मफ घातले तर अक्का ऐकू येणार नाहीत, एवढं मला कळत होतं.

थंडीत एक दिवस अक्कांच्या जागी त्यांचा मुलगा संजू डबा घेऊन आला. पाइपच्या कारखान्यात आहे तो. चक्की बंद होती, कानात मशीन होतं.

"आईला ताप आहे, काकू."

"तरीच. काल म्हणत होती अंग मोडून आलंय. द्वारकाला पण असाच ताप भरला होता म्हणाली."

"कोण म्हणालं?"

"तुझी आई. अजून कोण?"

"काकू, आई बोलत नाही. गळ्याला गाठ होती, ऑपरेशन झालं, तेव्हापासून आवाज गेला. नुसते ओठ हलतात."

"मला वेड्यात काढू नको रे."

"देवाशप्पथ. आणि द्वारकामावशीचं तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या घरात तिचं नाव कुणी काढत नाही. माझ्या बायकोलासुद्धा माहीत नाही."

काल मी पाठमोरी उभी होते, एवढंच सांगितलं. मग त्याने हळूच विचारलं, "कसा येतो आवाज?"

"नाकातून येतो जरासा. शेवटचा शब्द ओढते. आणि हसायच्या आधी खाकरते."

तो गोणीवर बसला. "हो... खाकरायची," म्हणाला. "विसरत चाललो होतो, काकू. आमच्याकडे तिच्या आवाजाचं एक रेकॉर्डिंगसुद्धा नाही." आणि एवढा मोठा माणूस शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागला. मी त्याला पाणी दिलं. मलाही लागलं.

अक्का बऱ्या होऊन आल्या तेव्हा मी चक्की बंद ठेवून त्यांना सगळं सांगितलं. त्यांचे कान चांगले आहेत. आपलं बोलणं मला खरोखर ऐकू येत होतं हे त्यांना माहीतच नव्हतं. गोंगाटात कुणाचंच कुणाला कळत नाही, माझी उत्तरंही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती, म्हणून इथे बसून बोलायला त्यांना लाज वाटत नव्हती, एवढंच. त्या रडल्या. आवाज न करता रडणं मी पहिल्यांदा बघितलं.

मग मी मफ काढून पुढ्यात ठेवले. म्हटलं, "अक्का, हे घातलं तर तुम्ही गेलात. नाही घातलं तर नातू गेला. मला काही सुचत नाही, तुम्हीच सांगा." आणि त्यांचं उत्तर ऐकायचं म्हणून मोटर सुरू केली.

"नातूनं ऐक वं माय," त्या म्हणाल्या. "मी येसूच ना रोज."

पुढे होऊन त्यांनीच मफ माझ्या कानांवर बसवले. चक्कीचा आवाज एकदम लांब गेला. मग दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून त्या काहीतरी बोलल्या. बराच वेळ बोलल्या.

मला हे कसं ऐकू येत होतं, याचं उत्तर अजून कुणाकडे नाही. मनीषा म्हणते, एकटेपणात मेंदू आपलेच आवाज तयार करतो. असेल. मग द्वारका कुठून आली ते तिला सांगता येत नाही. मॅडम म्हणतात कान आहे तिथेच थांबलाय, आणखी गेलेला नाही. नातू रविवारी फोनवर "आज्जी, जेवलीस?" विचारतो, मशीनमधून स्वच्छ ऐकू येतं. आणि हो, डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्यांनो, पुढच्यास ठेच मागचा शहाणा, माझ्याकडे बघून तरी कान झाका.

अक्का रोज दुपारी येतात, बसतात, बोलतात. मी मान हलवते. त्या दिवशी माझा चेहरा धरून काय बोलल्या, ते मी अजून विचारलेलं नाही. चक्की चालू असताना एकदा मफ काढून विचारलं तर सांगतील. रोज हात कानापर्यंत जातो, आणि मी पुढचा डबा ओतायला घेते.